दिव्याची बैठक

फ्रीगंजहून रेल्वेचे रूळ ओलांडून रुद्रसागराकडे गेले, की हरसिद्धीच्या प्रांगणात दोन उंच दीपमाळा दिसतात. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला; 1810 पर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्या अमदानीची ही खूण. नवरात्रात या दीपमाळांवर हजाराहून अधिक दिवे उजळतात आणि ते लावण्यासाठी माणसे वर चढतात. दीपमाळ डळमळली, तर दिव्यांबरोबर माणसांच्या प्राणांवर बेतेल. म्हणूनच ती तळाशी रुंद व जड, शेंड्याकडे निमुळती.

घरच्या समईचेही तसेच. ती कलंडली तर तेल सांडून आग लागण्याचे भय. म्हणून तिची बैठक पसरट व वजनदार.

विजेचा उभा दिवा आला आणि ही शिस्त पुष्कळ ठिकाणी सुटली. दांडी बारीक, शेड मोठी, बैठक हलकी. त्यामुळे गुरुत्वमध्य वर जातो. दिवा कलला आणि त्या मध्यातून सोडलेला ओळंबा बैठकीबाहेर पडला, की तो आडवा होतो. घरात रांगते मूल असल्यास ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

उपाय सोपे आहेत. प्लग काढून प्रथम दांडीचे पेच आवळावेत. बैठकीखाली तिच्याहून रुंद अशी जड लोखंडी चकती पेचांनी पक्की बसवावी. फरशी उंचसखल असल्यास खाली रबराचे तुकडे लावावेत. वायर भिंतीकडेने न्यावी.

दीपमाळेच्या गवंड्याने प्रथम पायाचा विचार केला, मग दिव्यांचा. आपणही तोच क्रम पाळावा.