भोपळ्यातली म्हातारी मूळची कुठली?

लेकीकडे निघालेली हडकुळी म्हातारी, वाटेत कोल्हा नि वाघ, "जाडजूड होऊन येते, मग खा" हा वायदा आणि भोपळ्यात बसून टुणुक टुणुक परतणे. ही गोष्ट आपल्या बडोद्यातील मराठी घरांत आजीच्या तोंडून ऐकली नाही, असे मूल विरळाच. मीही ती आपलीच समजत होतो. बँकेत एका बंगाली सहकाऱ्याने तिचा शेवट मला आधीच सांगून टाकला, तेव्हा चमकलो.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या 'टुनटुनिर बोई' (१९१०) या बंगाली पुस्तकात कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि 'लाऊ'च्या, म्हणजे दुध्याच्या, पोकळ कवचातून परतते. इराणमध्ये लांडगा, बिबट्या, सिंह भेटतात. येताना पुन्हा भोपळाच. फ्लोरा ॲनी स्टील यांनी नोंदवलेल्या पंजाबी कथेत कोकरू आजीकडे जाते व कातड्याच्या ढोलकीत बसून येते.

भूक आणि फसवणूक सगळीकडेच असते, म्हणून नुसत्या साम्यावरून एक उगम ठरत नाही. नॉर्वेच्या तीन बोकडांच्या कथेतही "मागून मोठा येतोय, त्याला खा" अशीच सबब आहे, पण भोपळा नाही. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दोन कथा शेजारच्या, तरी वेगळ्या खात्यांत आहेत. आपल्याकडे मात्र वायदा, लठ्ठ होणे, गडगडत परतणे हा क्रमच जुळतो. इतक्या नोंदी दोन वह्यांत आपोआप जुळत नाहीत, हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो.

मग कुणी कुणाकडून घेतली? थिओडोर बेन्फाय यांनी १८५९ मध्ये युरोपातील पुष्कळ कथांचे मूळ भारतात दाखवले. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवीत गेले, आठव्या शतकात अरबीत, हे खरेच. पण म्हातारी त्यात नाही. तिचा प्रवास तोंडी, आणि तो दोन्ही दिशांनी होऊ शकतो.

एक धागा भाजीत सापडतो. लाल भोपळा अमेरिकेतून, म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुमारास किंवा नंतर आला. दुध्या आशियात फार जुना, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा वाळून पोकळ होणारा. त्यामुळे बंगाली 'लाऊ' मला मुळाच्या जवळचा वाटतो. चित्रांतला लाल भोपळा मागाहूनचा.

तुमच्या घरी म्हातारी लेकीकडे जाते की नातीकडे, आणि भोपळा कोणता, ते मंडळाला जरूर कळवा.