पुराव्याच्या वजनाची कुळकथा

न्यायसहायक विज्ञानात पुराव्याचे वजन संभाव्यता गुणोत्तराने मोजतात. सापडलेला माग आरोपीचा असेल तर पुरावा असा दिसण्याची संभाव्यता किती आणि दुसऱ्या कुणाचा असेल तर किती, यांचा हा भागाकार. उत्तर १००० आले म्हणजे आरोपी दोषी असण्याची शक्यता हजारपट आहे, असे नव्हे. पहिले गृहीत धरल्यास असा पुरावा मिळण्याची संभाव्यता दुसऱ्याच्या हजारपट आहे, एवढेच ते सांगते. दोष ठरवणे न्यायालयाचे काम.

या भेदाचे मोल फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणात दिसले. हेरगिरीच्या चिठ्ठीतले अक्षर आरोपी लष्करी अधिकारी ड्रेफस यांनीच मुद्दाम बदलून काढले, असा दावा पोलिसांचे ओळखतज्ज्ञ आल्फोन्स बर्तियों यांनी आकडेमोडीच्या आधारे केला होता. आंरी प्वँकारे, दार्बू आणि आपेल या गणितज्ञांनी १९०४ मध्ये तो खोडून काढला. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरले.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश उलगडताना गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी संभाव्यता गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेतला. त्यामुळे स्वतंत्र पुराव्यांच्या वजनांची सरळ बेरीज करता येऊ लागली. त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी १९५० मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला.

न्यायालयात मात्र चुका होत राहिल्या. कॅलिफोर्नियातील कॉलिन्स खटल्यात लुटारूंची दाढी, पिवळी मोटार अशा वर्णनांच्या संभाव्यता गुणून १ कोटी २० लाखांत एक हा आकडा सांगितला गेला. मूळ आकड्यांना आधार नव्हता आणि दाढी व मिशी यांसारख्या गोष्टी परस्परांपासून स्वतंत्रही नव्हत्या. १९६८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी १९७७ मध्ये काचेच्या कणांचे उदाहरण घेऊन ही पद्धत नेमकी केली. संशयिताच्या कपड्यांवरील कणांचा अपवर्तनांक फुटलेल्या खिडकीच्या काचेशी जुळला, एवढे पुरत नाही. तो अपवर्तनांक दुर्मीळ असेल तर पुराव्याचे वजन वाढते, सर्रास आढळणारा असेल तर घटते. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांचा शोध लावल्यानंतर हे गणित प्रयोगशाळांच्या रोजच्या कामात रुळले.

आज अनेकांच्या डीएनएचे मिश्रण असेल तर हे गुणोत्तर सॉफ्टवेअर काढते. ते कसे काढले, हे बचाव पक्षालाही तपासता यावे म्हणून न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये ‘ट्रूॲलील’ या अशाच एका सॉफ्टवेअरचा सोर्स कोड त्यांच्या तज्ज्ञांना दाखवण्याचा आदेश दिला. स्पष्टीकरणक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधन याच गरजेतून न्यायसहायक विज्ञानात आले आहे: यंत्राने दिलेल्या वजनामागे कोणती निरीक्षणे आणि कोणती गृहीतके आहेत, हे उलटतपासणीत सांगता आले पाहिजे.