बालफुटबॉलपटूंचे तंत्रशिक्षण

चेंडू पायाच्या ताब्यात राखणे, आलेला चेंडू थोपवून वळविणे, अचूक पास देणे, प्रतिस्पर्ध्यास हुलकावणी देणे आणि गोलाच्या दिशेने फटका मारणे या फुटबॉलमधील मूलक्रियांचे, साधारणतः ६ ते १४ या वयात क्रमाक्रमाने दिले जाणारे शिक्षण. शरीरबल व वेग ही वयाबरोबर पुष्कळशी आपोआप वाढतात. पायाची संवेदना मात्र बालवयातील नित्य सरावावाचून क्वचितच अंगी बाणते, म्हणून या वयात सामन्यातील विजयापेक्षा प्रत्येक मुलाच्या वाट्याला चेंडू किती वेळा येतो यालाच अग्रक्रम द्यावा लागतो.

या विचारास पद्धतशीर रूप देण्याचे श्रेय डच प्रशिक्षक वील कूर्व्हर (१९२४–२०११) यांच्याकडे जाते. १९७४ मध्ये फेयेनूर्ड संघास यूएफा चषक मिळवून देणाऱ्या कूर्व्हरांनी थोर खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने अभ्यासल्या आणि हुलकावणीसारखे कौशल्य ही केवळ दैवी देणगी नसून ते शिकविता येते, असे आग्रहाने प्रतिपादिले.

सरावाचा चेंडूही वयानुरूप निवडला जातो : प्रौढांच्या सामन्यांत पाच क्रमांकाचा, ६८ ते ७० सेंमी. परिघाचा चेंडू असतो, तर ८ ते १२ वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा लहान चेंडू देण्याचा प्रघात आहे. सर्वांत महत्त्वाचा मानला जातो तो चेंडूचा पहिला स्पर्श. चेंडू पोहोचण्यापूर्वीच खांद्यावरून मागे पाहून घ्यावे, घोटा ताठ न ठेवता पावलाच्या आतल्या बाजूने चेंडूचा वेग शोषून घ्यावा आणि त्याच स्पर्शात तो प्रतिस्पर्ध्यापासून दूर, मोकळ्या जागेकडे वळवावा, हा पाठ दोन्ही पायांनी गिरविला जातो.

अशा सरावासाठी लागणारी जागा शहरांत सहजी मिळत नाही. चेन्नईतील वेलचेरीसारख्या दाट वस्तीच्या भागात पूर्ण आकाराचे मैदान दुर्मिळ असून, भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद कृत्रिम हिरवळीवरच बहुधा खेळावे लागते. ही अडचण तंत्रशिक्षणास मात्र उपकारक ठरू शकते. कारण थोडे खेळाडू व अपुरी जागा असली की चेंडू वारंवार पायाशी येतो आणि निर्णय त्वरित घ्यावा लागतो. १९३० मध्ये माँटेव्हिडिओ येथे हुआन कार्लोस सेरियानी यांनी रूढ केलेल्या फुटसाल या लहान मैदानावरील खेळाचे बलस्थान हेच आहे. चेन्नईच्याच उत्तरेकडील व्यासरपाडी या श्रमिक वस्तीने धनपाल गणेश व नंदकुमार शेखर यांच्यासारखे खेळाडू दिले आहेत.

महाराष्ट्रात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार आदी तालमींच्या संघांनी कोल्हापुरात या खेळाची आवड पेठापेठांतून जोपासली. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळला. २०१८ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बालकांसाठी गोल्डन बेबी लीगची तजवीज केली व तीत लहान मैदान व लहान संघ यांवर भर दिला.

चषकांच्या संख्येवरून प्रशिक्षकाची योग्यता ठरविण्याचा शिरस्ता मात्र अद्याप अनेक ठिकाणी दिसतो. त्यामुळे उंच व दांडगी मुले आधी निवडली जातात आणि उशिरा वाढणारी, परंतु चेंडूवर प्रेम करणारी मुले बाकावरच राहतात. बारा वर्षांच्या मुलाने आज किती सामने जिंकले यापेक्षा दडपणाखाली त्याला चेंडू दोन्ही पायांनी राखता येतो काय, हीच त्याच्या प्रशिक्षणाची खरी कसोटी मानली पाहिजे.