जुनेर, भांडे आणि मोड : शिरूर-भीमथडी परिसरातील एका घरगुती व्यवहाराचा विचार

दक्षिण महाराष्ट्रपठाराच्या आर्थिक इतिहासात शेतसारा, कर्ज, दुष्काळ आणि सावकारी यांची चर्चा विपुल झाली आहे. घरातील जुन्या वस्त्रांचे पुढे काय होत असे, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या प्रदेशात रोकड ही नेहमीच दुर्मिळ वस्तू होती, त्या प्रदेशातील कुटुंबाला अडीअडचणीच्या वेळी चार पैसे कोठून मिळत, याचा शोध घेऊ लागल्यास तो टाळता येत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, म्हणजे शिरूर तालुका आणि पूर्वीचा भीमथडी तालुका (ज्यात आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा प्रदेश मोडत असे) या टापूत, जुन्या कापडाचा रोख सौदा गौण राहिला. रूढ झाली ती कापड देऊन भांडे घेण्याची रीत. रोकडीची निकड असताना लोकांनी रोकड न घेता भांडे का घ्यावे? या विसंगतीचा उलगडा मराठी भाषेतील काही शब्दांच्या साह्याने होऊ शकतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१

प्रथम रोकडीच्या टंचाईचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. या टापूत पाऊस अनिश्चित, जमीन बव्हंशी जिरायत, आणि शेतसारा मात्र रोखीने भरावयाचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचा भाव चढला, तेव्हा कर्जही सुलभ झाले. भाव उतरल्यावर कर्ज राहिले आणि पत गेली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध मिळविलेल्या हुकूमनाम्याच्या आधारे त्यांचे घर घेतले, आणि त्यावरून गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे व दुकाने गाठून कर्जरोखे जाळले. हेच इतिहासप्रसिद्ध दख्खनचे दंगे होत. त्यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यात लिहिलेल्या रकमेमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयास दिला.

याच सुमारास जप्तीच्या कायद्यातही एक लक्षणीय मर्यादा आखली गेली. १८७७ च्या दिवाणी व्यवहार संहितेने ऋणकोची, त्याच्या पत्नीची व मुलांची आवश्यक वस्त्रे जप्तीतून वगळली. १९०८ च्या संहितेतील कलम ६० मध्ये वस्त्रांबरोबर स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने यांचाही उल्लेख आहे. ‘नेसत्या वस्त्रानिशी घर सोडणे’ हा मराठी वाक्प्रचार येथे आठवतो. सर्वस्व गेले तरी जे जात नाही ते नेसते वस्त्र, ही लोकभाषेने आखलेली दारिद्र्याची शेवटची रेषा आणि कायद्याने आखलेली रेषा या जवळजवळ एकच आहेत. ज्याने नेसते वस्त्र विकले, त्याच्यापाशी विकण्यासारखे काही उरले नाही, हा त्यातील ध्वनी. रोख पैशासाठी कपडे विकण्यात जी लाज होती, तिचे मूळ येथे सापडते.

२

नेसते वस्त्र आणि टाकाऊ वस्त्र यांच्या मध्ये मात्र बरेच मोठे अंतर आहे, आणि मराठीने ते अंतर शब्दांनी भरून काढले आहे. ‘धडुते’ म्हणजे अद्याप धड असलेले, नेसण्याजोगे वस्त्र. ‘जुनेर’ म्हणजे वापरून विटलेले, पण अंगाला मऊ लागणारे. ‘पटकूर’ अंथरण्या-पांघरण्याच्या कामाचे. त्यापुढे ‘चिरगूट’, ‘लक्तर’ आणि ‘चिंधी’. हे केवळ पर्यायवाची शब्द नव्हेत. वस्त्रात किती उपयोग शिल्लक आहे, याचे हे माप आहे. सुती लुगडे विटले की त्याचे जुनेर होई. बाळंतिणीसाठी व तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी जुनेरच हवे असे, कारण नवे कापड अंगाला टोचते. त्यातून उरलेल्या धडशा भागांचे थर एकावर एक घालून वाकळ किंवा गोधडी शिवली जाई. अगदी शेवटी चिंधीचा काकडा किंवा पोतेरे होई. अशा रीतीने बहुतेक कापड घरातच संपत असे. बाहेर जाण्यास उरे ते थोडे, आणि जे उरे त्याची विल्हेवाट लावण्याचा अधिकार व्यवहारात घरातील स्त्रीकडे असे.

हे कापड घेण्यासाठी दारी येई ती बोहारीण. वाघरी व अन्य फिरत्या समाजांतील या स्त्रिया डोक्यावरील पाटीत भांडी आणि खांद्यावरील गाठोड्यात कपडे घेऊन हिंडत. राजस्थान व उत्तर भारत या प्रदेशांत ‘बोहरा’ म्हणजे सावकार, आणि त्या शब्दाचे मूळ ‘व्यवहार’ या संस्कृत शब्दात आहे. ‘बोहारीण’ हा शब्द त्याच कुळातील मानला, तर सावकार आणि जुनेरे घेणारी स्त्री यांची नावे एकाच घरची ठरतात. दोघांच्या व्यवहारांत मात्र मोठा भेद होता. सावकाराचा व्यवहार कागदावर होई, अंगठा उठवून घेई आणि पुरुषाच्या नावावर चाले. बोहारणीचा व्यवहार उंबऱ्यावर होई, तेथेच संपे आणि मागे कोणतेही देणे ठेवीत नसे. कापड उजेडात धरून पाहणे, काठ चाचपणे, आणखी एक धडुते मागणे, पाटीतील मोठे भांडे दाखवून लहान देऊ करणे ही घासाघीस दोन्ही बाजूंच्या स्त्रियांमध्ये होत असे.

३

भांडेच का, या प्रश्नाचे उत्तर ‘मोडणे’ या क्रियापदात आहे. मराठीत दागिना मोडतात, नोट मोडतात, बँकेतील मुदतीची ठेवसुद्धा मोडतात. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच : साठवलेले मूल्य वापरण्याजोग्या रोकडीत आणणे. जुने भांडे ‘मोडीत’ देता येते आणि त्याला ‘मोड’ येते. तांबे व पितळ फुटले, चेपले, तरी तांबटाच्या तागडीत त्याचे वजन कायम राहते. कापडाला मोड नाही. ते ठेवावे तितके विरते. कसर, उंदीर आणि ओल त्याचे मूल्य दिवसेंदिवस खातात. जुनेर देऊन पितळी भांडे घेणे म्हणजे नासणाऱ्या वस्तूचे न नासणाऱ्या वस्तूत रूपांतर करणे होय. रोकड हवी असेल तेव्हा ते भांडे गहाण ठेवता येई किंवा मोडता येई. तात्पर्य, जुन्या कापडातून रोकड उभी राहत होती, परंतु ती दोन पावलांनी. आणि दुसरे पाऊल केव्हा टाकावयाचे हे गरजेवर सोडलेले असे. बोहारणीने दोन आणे हातावर ठेवले असते, तर ते त्याच दिवशी मीठ-मिरचीत किंवा सावकाराच्या व्याजात गेले असते. फडताळातील भांडे तितक्या सहजासहजी जात नसे.

या अनुमानाला एक अपवाद पुष्टी देतो. जरीकाठी वस्त्र जुने झाले, तर त्याचा काठ जाळून जरीतील चांदी काढीत आणि ती सराफाकडे रोखीने विकीत. ज्या वस्त्रात धातू होता, त्याला मोड होती. म्हणून त्याचा मार्ग थेट रोकडीकडे जाई.

या साठ्याचे महत्त्व दुष्काळात दिसून येई. १८७६–७८ च्या दुष्काळात पुणे जिल्हा होरपळला. गुरे, दागिने आणि भांडी ही अशा प्रसंगी क्रमाक्रमाने विकली जात. सर्वच विकावयास निघाल्यावर भाव कोसळत, हे खरे. तरीही मोडण्यासारखे काही असलेले घर आणि नसलेले घर यांतील अंतर पुष्कळदा गावात राहणे आणि गाव सोडणे यांतील अंतर ठरे. पुढे हॅरल्ड मान व ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणी करून १९२१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तेथील सुमारे ८५ टक्के कुटुंबांची आर्थिक स्थिती त्यांना असमाधानकारक आढळली. अशा गावात एका पितळी तपेल्याचे मोल केवळ स्वयंपाकापुरते नव्हते.

४

जुन्या वस्त्राला आणखी एक मार्ग होता, आणि त्याचा विचार केल्यावाचून हे चित्र एकांगी राहील. तो मार्ग म्हणजे देणे. गावगाड्यात उतरलेली वस्त्रे खालच्या मानलेल्या जातींना दिली जात. प्रेतावरील वस्त्र घेणे हा महारांचा ‘हक्क’ समजला जाई. मनुस्मृतीतही मृतांची वस्त्रे चांडाळांची म्हणून सांगितली आहेत. येथे ‘हक्क’ हा शब्द फसवा आहे, कारण ज्याला नाकारण्याची मुभा नाही त्याला मिळालेली वस्तू हा हक्क नसून खूण असते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले. वस्त्र हे जातीचे चिन्ह आहे आणि ते चिन्ह पुसता येते, ही त्या उपदेशातील जाणीव होती. १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या कायद्याने जुन्या व्यवस्थेचा कायदेशीर आधार गेला. या पार्श्वभूमीवर बोहारणीचा व्यवहार वेगळा दिसतो. तेथे जुने वस्त्र उपकार म्हणून दिले जात नव्हते, आणि घेणारीही ते मुकाट्याने घेत नव्हती. तिला ‘हे नको’ असे म्हणता येत होते. अर्थात यामुळे तिची सामाजिक पायरी चढली असे नव्हे. जुनी वस्त्रे हाताळणारी म्हणून तिच्याकडे तुच्छतेनेच पाहिले गेले.

५

या व्यवहाराची घडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विसकटली. तत्पूर्वी १९४३ च्या सुती कापड व सूत नियंत्रण आदेशाच्या काळात नव्या कापडाची चणचण असल्याने जुनेर जपून वापरले जाई. नंतर गिरणीचे व पुढे कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त झाले, कपड्यांची संख्या वाढली; पण कृत्रिम धाग्याचे जुनेर होत नाही. ते मऊ पडत नाही, घाम टिपत नाही, दुपट्याच्या कामी येत नाही. दुसऱ्या बाजूला बोहारणीच्या पाटीत पितळेच्या जागी स्टेनलेस स्टील आले, त्यानंतर प्लॅस्टिकच्या बादल्या व टोपल्या आल्या. स्टीलला पितळेसारखी मोड नाही आणि प्लॅस्टिकला जवळजवळ नाहीच. विनिमयाचे बाह्य रूप तेच राहिले, परंतु त्यातील साठवण निघून गेली. पूर्वी कापडाचे भांडे होणे ही बचत होती. आता ती अडगळीची अदलाबदल झाली. त्यामुळे जुने कपडे थेट रोखीने विकण्याकडे कल वळला, तर त्यात नवल नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील जाहिरातींतून होणारी विक्री या बदलाच्याच दोन अवस्था होत.

सारांश, या टापूतील स्त्रियांनी रोकड नाकारली ती पैशाचे मोल न कळल्यामुळे नव्हे. हातातील पैसा आपल्या हातात राहत नाही, हे त्यांना सावकारी आयोगाच्या अहवालांइतकेच स्पष्ट कळले होते. सावकाराच्या वहीत त्यांचे नाव नव्हते आणि सातबाऱ्यावरही बहुधा नव्हते. भांड्यावर मात्र ते कोरून घेता येत होते. ज्या मालमत्तेची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, तिचा इतिहास शोधणाऱ्याला अशा भांड्यांवरील नावे आणि ‘मोड’सारखे शब्द ही साधने वापरावी लागतील.