गुरुजी, तुमचा विषय कोणता?

पोस्ट मोठी झालीय. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक होती. शाळा कर्जतपासून फार लांब नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच गुरुजींना ताप नको. सहावी ते आठवीला शिक्षक दोन, एक भाषेचे आणि एक समाजशास्त्राचे. आठवीतल्या एका पोराच्या आईनं विचारलं, "मग इज्ञान कोण शिकवतंय?" भाषेचे गुरुजी म्हणाले, "मीच शिकवतो ताई. प्रयोगाचं तेवढं मोबाईलवर दाखवतो." माणूस प्रामाणिक आहे, तास बुडवत नाही. पण बाई थांबल्या नाहीत. "तुमचा इषय त्यो न्हाई, तर सरकारनं तुम्हाला त्याला बसवलं कसं?"

बैठकीत कुणालाच उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. घरी येऊन शोधायला बसलो आणि थेट पंतोजींपर्यंत मागं गेलो.

पंतोजीला कुणी सर्टिफिकेट विचारत नव्हतं. मोडी वाचता-लिहिता येणं, पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेणं आणि हातात छडी, एवढ्यावर शाळा चालायची. मोबदला म्हणून गावकरी धान्य द्यायचे. मास्तराला शिकवायचं कसं हे आधी शिकवावं लागतं, ही कल्पना इंग्रजी अमदानीत आली आणि तिचा एक धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. नगरला अमेरिकन मिशन 1831 मध्ये आलं. तिथल्या मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आपण सावित्रीबाईंना पहिल्या शिक्षिका म्हणतो, ते बरोबरच आहे. पण त्या रीतसर तयारी करून वर्गात उभ्या राहिल्या, हे सांगायचं राहून जातं.

पुढं 1882 मध्ये जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षकाबद्दल त्यांचं मागणं अगदी नेमकं आहे. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, वेळ पडली तर नांगराला हात लावायची लाज न वाटणारा हवा, आणि त्याचा पगार महिना 12 रुपयांच्या खाली नको. शाळेत काय शिकवायचं तेही त्यांनी सांगितलंय. मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य, नीती. हे सगळं शिकवणारा माणूस मात्र एकच. एका गावाला एक मास्तर मिळाला तरी पुष्कळ, अशी ती वेळ होती.

माझे आजोबा त्याच परंपरेतले. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास. त्या काळात फायनल झालेला माणूस मास्तर नाहीतर तलाठी व्हायचा. आजोबा स्कूल बोर्डाच्या शाळेत लागले. चार इयत्ता एका खोलीत. एका ओळीला गणित घालून द्यायचं, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला नकाशा आणि बिगरीला मॉनिटरच्या ताब्यात द्यायचं. शिवाय गावचं टपाल त्यांच्याकडंच. मनिऑर्डर आली की भूगोल बंद. नंतर ट्रेनिंगला गेले, "सेकंड इयर ट्रेंड" होऊन आले आणि हे दोन शब्द त्यांनी मरेपर्यंत नावापुढं लावले. त्यांना "तुमचा विषय कोणता" असं विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. पोरं हाच विषय, म्हणाले असते. (किंवा टपाल.)

कर्मवीरांनीही पहिला प्रश्न तोच धरला. खेड्यात शाळा काढायच्या तर खेड्यात राहणारे मास्तर हवेत, म्हणून रयतनं 1935 मध्ये साताऱ्याला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि शेकडो व्हॉलंटरी शाळांना माणसं पुरवली. त्याच रयतचं दादा पाटील महाविद्यालय कर्जतला 1964 मध्ये आलं, तेव्हा कुठं इथल्या पोराला घरची भाकरी खाऊन पदवी घेणं जमायला लागलं. खेड्यातल्या शाळेत विषयाचा शिक्षक का नाही, याचं निम्मं उत्तर या तारखेत आहे. तालुक्यात पदवीधरच कमी, त्यातले बी.एस्सी. आणखी कमी, आणि बी.एस्सी. झालेला बँकेत किंवा पुण्याला.

हायस्कूलची गोष्ट वेगळी. तिथं बी.एड.ला दोन विषयांची मेथड घ्यावी लागते आणि जाहिरातीतच "बी.एस्सी. बी.एड., गणित-विज्ञान" असं लिहिलेलं असतं. म्हणजे विषयाची अट होती, पण पाचवी-आठवीच्या वरच. खाजगी शाळांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आली, त्यात कुठल्या पदाला काय पात्रता हे कलमवार आहे. तरी तासिका वाटताना काय व्हायचं ते मी स्वतः भोगलंय. नववीत आम्हाला बीजगणित मराठीच्या सरांनी शिकवलं, कारण त्यांचा वर्कलोड भरत नव्हता. सर कविता अशी शिकवायचे की पोरं रडायची. बीजगणितालाही रडायची.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र 1962 नंतरही गुरुजी म्हणजे सर्व विषयांचे. पी.टी.सी. गेलं, डी.एड. आलं, पण विषय चिकटला नाही. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा ज्यांनी स्वतः एबीसीडी पाचवीत पाहिली होती, त्याच गुरुजींनी ते पहिलीला शिकवायला घेतलं. त्याच सुमारास वस्तीशाळा निघाल्या. महिना हजार रुपयांवर वस्तीतल्याच शिकलेल्या पोरांनी त्या चालवल्या. शिक्षणसेवकाला तेव्हा तीन हजार मिळायचे. त्या पोरांना नावं ठेवणं सोपं आहे, पण माळावरच्या कित्येक मुलींच्या हातात पहिली पाटी त्यांनीच दिली.

मग शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि प्राथमिकच्या गुरुजींना पहिल्यांदाच विषय विचारला गेला. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पात्रतेची अधिसूचना निघाली, सहावीच्या पुढं पदवीधर आणि टीईटी पास हवा. आपल्याकडं पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. दुसऱ्या पेपरात 150 गुण, त्यातले 60 गणित-विज्ञानाला नाहीतर सामाजिक शास्त्रांना. आता गंमत बघा. भाषेच्या शिक्षकासाठी वेगळा भाग नाहीच. मराठीची आणि दुसऱ्या भाषेची तीस-तीस गुणांची परीक्षा सगळेच देतात, पुढं भाषावाल्यानंही या दोनपैकी एक गट निवडायचा. म्हणजे मराठीचा शिक्षक इतिहास-भूगोल सोडवून मराठीचा शिक्षक ठरतो.

आणि कायद्यानं विषय दिला तरी पद देतो पट. संचमान्यतेत पोरं मोजतात, विषय नाही. पट घटला की पद घटतं, गुरुजी अतिरिक्त होतात, समायोजनात रिकामी जागा दिसेल तिकडं जातात. 15 मार्च 2024 च्या जीआरनं वीसच्या आतल्या पटाचं आणखी कठीण केलं. आपल्याकडं पट का घटतो हे कर्जतकरांना सांगायला नको. काही घरं ऊसतोडीला जातात, काहींची पोरं पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेला. मागं राहतं ते ज्याला दुसरीकडं जाता येत नाही ते लेकरू, आणि विज्ञानाचा शिक्षक नेमका त्यालाच मिळत नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिक्षकाच्या परवान्यावर विषयाची वेगळी नोंद असते. दुसरा विषय शिकवायचा तर त्याचा अभ्यासक्रम किंवा परीक्षा पार करून ती नोंद वाढवून घ्यायची. तिथंही लहान गावांना गणिताचे शिक्षक मिळत नाहीत आणि तात्पुरत्या परवानग्यांवर भागवतात. फरक एवढाच, की तात्पुरती आहे हे कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याकडं "भाषा" असं पद दाखवतात आणि वेळापत्रकात तोच माणूस विज्ञानाला असतो.

सुप्रीम कोर्टानं 1 सप्टेंबर 2025 ला निकाल दिला, की पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्या, आधीपासून सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. तेव्हापासून आमच्या ओळखीतले पंचेचाळिशीचे गुरुजी रात्री पोरांच्याच पुस्तकावर वाकलेत. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे अपमानाचं वाटतं, आणि ते मला पटतं. पात्रता तपासू नये, हे मात्र पटत नाही. पण एवढ्या धावपळीतही त्या बाईंचा प्रश्न तसाच राहतो. आमचे भाषेचे गुरुजी उद्या टीईटी पास झाले, तेही सामाजिक शास्त्रे घेऊन, तरी परवा आठवीच्या विज्ञानाला तेच उभे राहणार.

परवाच्या बैठकीत हे सगळं मी जमेल तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हंजे चूक गुरुजीची न्हाई. मग अर्ज कुणाकडं करायचा?" गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं करायचा ठरला. मागणी एकच, शेजारच्या केंद्रातले विज्ञानाचे शिक्षक आठवड्यातून दोन दिवस तरी इकडं द्या. अर्जाचा मसुदा गुरुजींनीच लिहिला. एकही चूक नाही, विषयच त्यांचा. खाली पहिली सही त्या बाईंची आहे, मग आम्हा बाकीच्या अकरा पालकांची. सोमवारी कर्जतला पंचायत समितीत नेऊन द्यायचाय. ज्यांच्या शाळेत हीच गत आहे त्यांनी सकाळी अकराला यावं, सोबत आपापल्या शाळेच्या संचमान्यतेची प्रत आणावी.