मानमोडी ते करोना : साथीतील मृत्यूंचा हिशेब



रामनवमीची यात्रा भरली म्हणजे पोहरादेवीला येणाऱ्या वाटा माणसांनी फुलून जातात. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी बंजारा समाज दूरदूरच्या प्रांतांतून येतो आणि यात्रा उरकून आपापल्या तांड्याकडे परततो. कोण कोठून आला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. एरवी तिची गरजही नसते. परंतु साथीच्या वर्षी तीच गोष्ट महत्त्वाची होऊन बसते. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी, करोनाची दुसरी लाट वऱ्हाडात डोके वर काढीत असतानाच, येथे मोठी गर्दी जमली आणि तिच्यावरून राज्यभर गदारोळ झाला. त्या गर्दीमुळे किती माणसे दगावली? या वादाचा निकाल देण्यासाठी मी उभा नाही. निकाल द्यावयाचाच असेल तर पुरावा कोणता लागेल आणि तो कसा वाचावा, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

१९१८ साली आपल्या आजे-पणज्यांनी जिला ‘मानमोडी’ म्हटले, ती इन्फ्ल्युएन्झाची साथ जूनमध्ये मुंबईत उतरली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा मुलूख तर सर्वांत जबर तडाखा बसलेल्या भागांपैकी होता. खेड्यातील मृत्यूची खबर गावकामगारांनी वर पोचवावयाची, अशी तेव्हाची रीत. पण जो खबर देणार तोच अंथरुणाला खिळलेला! कित्येक ठिकाणी नोंदीचे काम कोलमडले. जी नोंद झाली तिच्यातही रोगाचे नाव बहुधा नुसते ‘ताप’. मग मानमोडीने किती मेले, हे ओळखावे कसे?

त्यावरची युक्ती जुनी आहे. लंडनमधील १८४७ च्या साथीच्या वेळी विल्यम फार याने ती वापरली होती. मृत्यूचे कारण क्षणभर बाजूला ठेवावे. नेहमीच्या वर्षी या महिन्यांत किती माणसे मरतात ते पाहावे, साथीच्या वर्षी किती मेली ते पाहावे, आणि एकातून दुसरे वजा करावे. उरतात ते जादा मृत्यू. मात्र ही वजाबाकी कारण सांगत नाही, हे विसरू नये. १९१८ साली पाऊसही दगा देऊन गेला होता. उपासाने खंगलेला माणूस तापाने गेला, तर तो कोणाच्या खाती मांडावा? जादा मृत्यूंत दोघांचेही माप असते.

आता या हिशेबाचे आकडे पाहा. साथ ओसरताच सरकारी आरोग्याधिकाऱ्यांनी देशभरातील मृत्यू सुमारे ६० लक्ष धरले. १९२१ च्या खानेसुमारीत घरोघर शिरगणती झाली, तेव्हा हा अंदाज सव्वा कोटीच्या घरात गेला. १९५१ साली किंग्सली डेव्हिस यांनी तो पावणेदोन ते दोन कोटींच्या दरम्यान नेला. २०१२ मधील एका अभ्यासाने पुन्हा १ कोटी ३९ लक्षांवर आणला. मेलेली माणसे तेवढीच होती. बदलले ते आपले ज्ञान. पहिला आकडा कोणी लबाडीने सांगितला असे नव्हे. दप्तरच अपुरे होते.

उशिराची ही अडचण आजही सुटलेली नाही. कायद्याने मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. त्यानंतर विलंब शुल्क भरून, आणि वर्ष उलटल्यावरही आदेश मिळवून नोंद करता येते. म्हणजे चालू महिन्याचा आकडा नेहमीच अर्धामुर्धा असतो. आलेखाची शेवटची रेघ खाली वळलेली दिसली की लोक म्हणतात, साथ ओसरली. पुष्कळदा साथ ओसरलेली नसते, कागद यावयाचे राहिलेले असतात. याच्या उलटही घडते. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या करोना-मृत्यूंत पूर्वीचे राहून गेलेले १,३२८ मृत्यू एकदम मिळविण्यात आले. ती माणसे त्या दिवशी मेली नव्हती. त्या दिवशी फक्त वहीत आली. म्हणून मृत्यू मांडावयाचा तो घडल्या दिवशी, कळल्या दिवशी नव्हे. आणि शेवटच्या काही आठवड्यांवर विश्वास टाकण्यापूर्वी थांबावयाचे.

दुसरा सापळा ‘नेहमीच्या वर्षा’चा. देशात २०१८ साली ६९.५ लक्ष मृत्यू नोंदले गेले आणि २०१९ साली ७६.४ लक्ष. साथ नसताना सात लक्षांची वाढ! त्याचे मोठे कारण नोंद सुधारत होती, हे आहे. मग २०२० च्या ८१.२ लक्षांतील वाढ साथीची किती आणि सुधारलेल्या नोंदीची किती? पण २०२१ चा आकडा १ कोटी २ लक्ष आहे. एका वर्षात एकवीस लक्षांची ही उडी केवळ कारकुनांच्या तत्परतेने पडत नाही. आणि हा आकडा प्रसिद्ध व्हावयास मे २०२५ उजाडले. तोपर्यंत करोना-मृत्यूंची सरकारी संख्या २०२१ अखेर ४.८१ लक्ष, तर जागतिक आरोग्य संघटनेचा दोन वर्षांच्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लक्ष, असा वाद चालू राहिला. सरकारने तो अंदाज अमान्य केला. दोन्ही संख्या एकच वस्तू मोजीत नाहीत, हे ध्यानात घेतल्याशिवाय या वादात पडण्यात अर्थ नाही.

आता पोहरादेवीकडे परत येऊ. मृत्यूची नोंद माणूस जेथे मरतो तेथे होते, जेथे राहतो तेथे नव्हे. येथे आलेला यात्रेकरू घरी परतून गेला, तर त्याचे नाव त्या गावच्या वहीत. येथला ऊसतोड कामगार फडावर गेला, तर तिकडच्या वहीत. रुग्ण अकोल्याच्या दवाखान्यात गेला, तर तो अकोल्याचा आकडा. म्हणून केवळ पोहरादेवीची वही उघडून त्या गर्दीला दोषी ठरविता येत नाही, आणि निर्दोषही ठरविता येत नाही.

हा हिशेब केवळ पंडितांचा नाही. करोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य द्यावयाचे ठरले, तेव्हा मृत्यूचा कागद दाखवावा लागला. ज्या घरात कागद नव्हता, त्या घरचे माणूस सरकारच्या लेखी गेलेच नव्हते. मानमोडीत गेलेले आपल्या तांड्यांतील किती लोक कोणत्याच वहीत नाहीत, ते आता कोणी सांगू शकणार नाही. निदान यापुढे तसे होऊ नये. घरातील मृत्यूची नोंद करा. दुःखात दिवस निघून गेले असले, उशीर झाला असला, तरीही करा. उशिरा आलेली नोंद हिशेबात बसविता येते. न आलेली नोंद कोठून आणावयाची?