ब्रिटनमध्ये गाडीला विंटर टायर लावायलाच हवेत का?

हिवाळा आला की युरोपात टायर बदलायची लगबग सुरू होते. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ब्रिटनमध्ये मात्र अशी सक्ती नाही. मग खर्च करायचा की नाही?

फरक कशात असतो?
रबरात. साध्या म्हणजेच समर टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि पकड कमी होते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात. साधारण ७ अंश सेल्सिअस ही सीमारेषा मानली जाते.

मग पावसाचं काय?
इथेच गफलत होते. दक्षिण इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ कमी, पाऊस जास्त. पारा १०-१२ अंशांवर असेल, तर ओल्या रस्त्यावर विंटर टायरची गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. टायर झिजतातही लवकर.

काय घ्यावं?
लंडनसारख्या शहरात डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल-सीझन टायर बहुतेकांना पुरतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात राहत असाल, तर विंटर टायरचे पैसे वसूल होतात. कोणतेही घ्या, पण चारही चाकांना एकाच प्रकारचे घ्या.

हे विसरू नका
ब्रिटनच्या कायद्यानुसार टायरच्या खाचा किमान १.६ मिमी खोल हव्यात. पण ३ मिमीलाच टायर बदललेले बरे. झिजलेल्या खाचांतून पाणी बाहेर पडत नाही, गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही.